शिरीष ताम्हनकरचा चौदा दिवसांचा टॅब्लेट

शिरीष ताम्हनकरला टॅब्लेट हवा होता आणि तो कशासाठी हवा हे त्याला चारचौघांत सांगता येत नव्हतं, इथूनच सगळा घोळ सुरू झाला. म्हणजे त्याला स्वतःला कारण पक्कं ठाऊक होतं. पण काही कारणं बायकोसमोर उच्चारली की फार पोरकट वाटायला लागतात, त्यातलं हे एक.

कारण होतं दिवाळी अंक. मिरजेच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात, सहामाही परीक्षा संपल्यावर, पलंगावर उताणं पडायचं, पोटावर शंकरपाळ्यांचा डबा ठेवायचा आणि अंक दोन्ही हातांनी तोंडावर धरायचा, या अवस्थेला शिरीष मनातल्या मनात सुख म्हणत असे. पुढे त्यानं नोकरी केली, लग्न केलं, मुलगी झाली, न्यूझीलंडला येऊन घर घेतलं, त्या सगळ्याला तो प्रगती म्हणत असे. सुख मात्र पलंगावरच राहिलं होतं.

न्यूझीलंडला येऊन अकरा वर्षं झाली होती आणि त्यातल्या शेवटच्या नऊ वर्षांत शिरीषनं एक पुस्तक, एक कथा, झालंच तर एक बरा लेखसुद्धा शेवटपर्यंत वाचला नव्हता. फोनवर वाचायला जावं तर अक्षरं मुंगीएवढी, आणि मोठी करावीत तर ओळ पडद्याबाहेर जाते, मग डावीकडून उजवीकडे टेनिसची मॅच बघितल्यासारखं डोकं फिरवत बसा. लॅपटॉप पोटावर ठेवला की पोट तापतं. शिवाय लॅपटॉप उघडला की पाठ आपोआप ताठ होते आणि माणूस कथासुद्धा ऑफिसचा रिपोर्ट असल्यासारखी वाचतो. ही झाली त्याची बाजू. खरं तर त्याला एक वेगळीच भीती वाटत होती. आपण आता वाचणारे राहिलोच नाही, अशी ती भीती. त्याचे वडील, तात्याराव, मिरजेहून दर रविवारी फोनवर विचारायचे, "काय वाचतोयस सध्या?" आणि शिरीष कुठलं तरी परीक्षण आठवून एका पुस्तकाचं नाव ठोकून द्यायचा. तात्याराव खूश व्हायचे. दोन वर्षांपूर्वी ते गेले ते आपला मुलगा भरपूर वाचतो याच समाधानात गेले, आणि ते समाधान खोटं होतं याची शिरीषला अजून लाज वाटत असे.

तर यंदा त्यानं चौदा दिवाळी अंकांचा ई-संच मागवला आणि ऑक्टोबरच्या शेवटी, लेबर वीकएंडच्या लांब सुट्टीतल्या सेलमध्ये, एक टॅब्लेट उचलून आणला. आई, म्हणजे बेबीताई, तात्याराव गेल्यापासून इथेच असत. त्या म्हणाल्या, छान आहे, देवघराच्या आरशाएवढा आहे. सोळा वर्षांच्या लेकीनं, ऋग्वेदानं, वर न बघताच म्हटलं, "डॅड, यू ऑलरेडी हॅव हीप्स ऑफ स्क्रीन्स." आणि बायकोनं, सुनीतीनं, चहाचा कप खाली ठेवून घरातले स्क्रीन मोजले. चार माणसांत नऊ भरले. टीव्ही धरला नव्हता, मायक्रोवेव्हही सोडून दिला होता.

सुनीती मनुरेवाच्या एका क्लिनिकमध्ये नर्स होती आणि घरातही तिचा आवाज पेशंटला गोळी घ्यायला लावणारा होता. तिनं भांडण केलं नाही. भांडण केलं असतं तर शिरीषला सोपं गेलं असतं. तिनं शांतपणे पावतीवरची बारीक अक्षरं वाचली, चौदा दिवसांत परत घेतात हे शोधून काढलं, पावती फ्रिजवर चुंबकाखाली लावली आणि अट सांगितली. फोनला जमत नाही आणि लॅपटॉपलाही जमत नाही असं एक काम या टॅब्लेटनं चौदा दिवसांत करून दाखवायचं. दाखवलं तर राहील. नाही तर पुढच्या पुढच्या शनिवारी जाईल.

पहिल्याच रात्री शिरीष मोठ्या थाटात पलंगावर उताणा झाला आणि अंक उघडला. अनुक्रमणिका वाचता वाचता त्याला झोप लागली आणि टॅब्लेट सरळ नाकावर आदळला. कागदी अंक तोंडावर पडला तर माणसाला गुदगुल्या होतात, टॅब्लेट पडला तर वळ उठतो, हा फरक कुठल्याच जाहिरातीत दिलेला नसतो. पुढचे दोन दिवस सुट्टीचे होते म्हणून, नाही तर दुसऱ्याच दिवशी लोकांना तोंड दाखवावं लागलं असतं. तरी मंगळवारी लॅबमध्ये नाकावरच्या निळ्या रेघेबद्दल तिघांनी विचारलं. शिरीष इस्पितळाच्या लॅबमध्ये रक्त तपासत असे आणि तिथली माणसं हळहळण्याऐवजी नमुना मागतात.

मग त्यानं घराजवळच्या पापाकुऱ्याहून शहरात जाणाऱ्या गाडीत वाचायचं ठरवलं. गाडी तिथूनच सुटते, जागा हमखास मिळते. पण खिडकीच्या उन्हात पडद्यावर शिरीषला स्वतःचाच चेहरा दिसे, आणि तो त्यानं एवढ्या जवळून बऱ्याच वर्षांत बघितला नव्हता. शेजारच्या आजोबांनी वाकून, ही कुठली लिपी, फार सुंदर दिसते, असं विचारलं. शिरीष भारावून मराठीबद्दल सांगायला लागला आणि सांगता सांगता स्टेशन आलं. अंक अनुक्रमणिकेवरच होता.

यात भर पडली चंद्रहासची. चंद्रहास दोन घरं सोडून राहायचा, आयटीत होता आणि कुणी न विचारता सल्ला देणं हे तो शेजारधर्मात धरत असे. जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून फटक फटक करत तो आला, टॅब्लेट उलटापालटा केला आणि म्हणाला की नुसता टॅब्लेट म्हणजे काहीच नाही, याला कीबोर्ड हवा. शिरीषनं कीबोर्ड आणला. सुनीती म्हणाली, अभिनंदन, लॅपटॉप झाला. चंद्रहास म्हणाला की बाहेर वापरायचा तर सिम हवं. शिरीषनं सिम घातलं. सुनीती म्हणाली, वा, फोनही झाला. त्यानंतर शिरीषचा धाकटा भाऊ समीर पुण्याहून फोन करायचा तेव्हा खिशात फोन, टेबलावर लॅपटॉप आणि पलंगावर टॅब्लेट असे तिन्ही एकदम ठणाणा करायला लागायचे. शिरीष एक उचलायचा, उरलेले दोन वाजतच राहायचे. बेबीताई बिचाऱ्या प्रत्येक वेळी तीन माणसांचे फोन आलेत असं समजून जिवाला घोर लावून घ्यायच्या.

एक आठवडा असा गेला. कामाच्या नावानं शून्य. आणि लक्ष्मीपूजन आलं.

ताम्हनकरांच्या घरात नवी वस्तू आली की तिला हळदकुंकू लागल्याशिवाय ती घरची होत नाही. मिरजेत मिक्सरला लागलं होतं, इथे फ्रिजला, गाडीला आणि बागेतल्या गवत कापायच्या यंत्रालाही लागलं होतं. बेबीताईंनी चौरंगावर टॅब्लेट उभा केला. तो घसरायला लागला म्हणून त्यांनी तो पूजेच्या तबकात, देवांच्या मागे टेकवून ठेवला. पाठीवर ओल्या कुंकवाचं छान ठसठशीत स्वस्तिक काढलं, वर अक्षता वाहिल्या, फूल ठेवलं. तबकात कुंकू कालवलेलं होतं, अक्षताही पडलेल्या होत्या, आणि टॅब्लेटचं चार्जिंगचं भोक खालच्या बाजूला होतं. हे त्या वेळी कुणाच्याही ध्यानात आलं नाही. शिरीष तर आरती म्हणत होता आणि त्याला अगदी भरून आलं होतं.

दुसऱ्या दिवशी मराठी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम होता, सँडरिंगहॅमजवळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये. निवेदन शिरीषकडे होतं. आता मात्र त्यानं डाव टाकला. रंगमंचावर उभं राहून लॅपटॉप धरता येत नाही, फोन काढला तर माणूस मेसेज बघतोय असं वाटतं. निवेदनाला टॅब्लेटच हवा. हे काम त्याचं एकट्याचं. त्यानं सगळं निवेदन त्यात घातलं, सुनीतीला पहिल्या रांगेत बसवलं, डोक्याला फेटा बांधून घेतला आणि दोनशे माणसांसमोर उभा राहिला.

टॅब्लेट त्याचा चेहरा बघून उघडत असे. फेटा बांधलेला शिरीष त्यानं जन्मात बघितला नव्हता. शिरीष हसला, गंभीर झाला, चष्मा काढला, हनुवटी वर केली. टॅब्लेट ढिम्म. पासवर्ड ऋग्वेदानं घालून दिला होता, तो तिलाच ठाऊक, आणि ती मागे समोशांच्या टेबलापाशी होती. हॉलमध्ये खोकल्याचे आवाज सुरू झाले. शेवटी शिरीषनं तो फेटा, ज्यासाठी वीस मिनिटं बसला होता, भर रंगमंचावर दोन्ही हातांनी उचलून काढला. आतून त्याचं टक्कल प्रकट झालं, दिव्याखाली चकाकलं, आणि टॅब्लेट तत्काळ उघडला. टाळ्या कडाडल्या. पुढच्या दोन तासांत नाच झाले, नाट्यगीतं झाली, पण तेवढी टाळी कुणाला मिळाली नाही. सुनीती डोळ्यांतलं पाणी पुसत होती, आणि ते हसण्याचं होतं हे लांबूनही कळत होतं.

घरी आल्यावर शिरीषनं टॅब्लेट कपाटात घातला आणि चार दिवस त्याचं नाव काढलं नाही. गुरुवारी काढला तेव्हा तो चार्जच होईना. वायर बदलली, प्लग बदलला, चंद्रहास आला, फुंकर मारून गेला. बॅटरी चोवीस टक्क्यांवर आणि हलेना. शनिवारी मुदत संपत होती. शिरीष पावती घेऊन दुकानात गेला.

परत घ्यायच्या खिडकीत अरोहा नावाची बाई होती. तिनं 'किया ओरा' असा माओरी नमस्कार करून टॅब्लेट घेतला, टॉर्च मारून भोकात बघितलं आणि तिचा चेहरा बदलला. आत लाल काहीतरी वाळलेलं होतं. तिनं हळूच विचारलं, कुणाला लागलंय का, रक्त आहे का हे. चोवीस वर्षं रक्त तपासणाऱ्या माणसाला हा प्रश्न. शिरीषनं ताठ होऊन सांगितलं की मी व्यवसायानं खात्री देतो, हे रक्त नाही, हे कुंकू आहे, आणि तो पांढरा दाणा म्हणजे तांदूळ. मग त्याला सगळंच सांगावं लागलं. तिच्या फॉर्मवर खराबीची कारणं होती: पाण्यात पडलं, हातून पडलं, पाळीव प्राणी, लहान मुलं. देव कुठेच नव्हता. तिनं पेन दाताखाली धरून बराच विचार केला आणि म्हणाली की आमच्याकडेही नव्या गाडीवर, नव्या घरावर कराकिया, म्हणजे प्रार्थना, म्हणतात, पण तांदूळ आत घालत नाहीत. पुढे 'इतर' या रकान्यात तिनं एकच शब्द लिहिला, आशीर्वाद. सोमवारी साफ करणारा माणूस येतो. तोपर्यंत मुदत मी नोंदवून ठेवते, तुमचं सगळं त्यातून पुसून सोमवारी घेऊन या, स्वीट ॲज, म्हणजे काही काळजी नको, असं म्हणून तिनं टॅब्लेट परत दिला. एवढ्या चांगुलपणानं परत घेणार म्हटल्यावर शिरीषला भांडायलाही जागा उरली नाही.

रविवारी दुपारी तो सगळं पुसायला जेवणाच्या टेबलाशी बसला. समोर बेबीताई मेथीची जुडी निवडत होत्या. बाहेर स्वच्छ ऊन होतं, कुणीतरी गवत कापत होतं. बॅटरी अकरा टक्के. निवेदन पुसलं, फोटो पुसले, आणि मग ते चौदा अंक समोर आले. चौदा मुखपृष्ठं, एकही न वाचलेला. शिरीषला एकदम वाईट वाटलं. अंक न वाचता पुसायचे म्हणजे ताट वाढून घेऊन तसंच उठण्यासारखं होतं. त्यानं मनात म्हटलं, एक कथा. फक्त एक. मग पुसू.

बेबीताईंनी त्याचे हलणारे ओठ बघितले. म्हणाल्या, "मनात काय वाचतोस? मोठ्यानं वाच की. माझ्या डोळ्यांना आता बारीक दिसत नाही."

आईला दिसत नाही हे शिरीषला माहीत होतं. आईला वाचायला मिळत नाही, हे त्याच्या डोक्यात इतक्या दिवसांत आलं नव्हतं. त्यानं घसा खाकरला आणि सुरुवात केली.

कथा एका लग्नाच्या बँडमधल्या म्हाताऱ्या क्लॅरिनेटवाल्याची होती. चाळीस वर्षं त्यानं लोकांच्या वराती वाजवल्या. आता पुढचे दात गेले, फुंक धरत नाही, वाद्य पेटीत पडून आहे. आणि त्याच्या धाकट्या लेकीनं लग्न ठरल्यावर हट्ट धरलाय की माझ्या वरातीला बाबा, तुम्हीच वाजवायचं. पहिलं पान शिरीष अडखळत वाचत होता. जोडाक्षरांशी त्याची झटापट होत होती, हे त्याचं त्यालाच ऐकू येत होतं. दुसऱ्या पानावर जीभ सुटली. नऊ टक्के. क्लॅरिनेटवाला रात्री गोठ्यात जाऊन चोरून फुंकर मारून बघतो तिथे बेबीताई हसल्या आणि त्यांचे हात थांबले. सहा टक्के. शिरीष पट्टी बदलून वाचायला लागला, म्हाताऱ्याच्या बायकोचा आवाज वेगळा, लेकीचा वेगळा. मिरजेच्या वाचनालयाचा अंक संध्याकाळी सातच्या आत परत करायचा असायचा, साडेसहाला असाच जीव खाऊन तो वाचायचा, दारात चप्पल घालून शेवटची दोन पानं वाचायचा. ते सगळं त्याला आठवलं आणि वाचताना आठवतंय याचाच त्याला आनंद झाला.

ऋग्वेदा टोस्ट करायला आली होती. टोस्ट वर आला, गार झाला, ती खुर्चीच्या पाठीवर हनुवटी टेकवून उभीच होती. सुनीतीची दुपारची शिफ्ट होती. ती किल्ल्या हातात घेऊन दारापर्यंत आली आणि तिथेच राहिली. तीन टक्के. वरात दारात आली. लोक हसायला लागले. म्हाताऱ्यानं पेटी उघडली, क्लॅरिनेट पुसली, ओठांना लावली—

टॅब्लेट काळा झाला.

शिरीषनं बटण दाबून बघितलं. त्या काळ्या काचेत फक्त त्याचा चष्मा दिसत होता.

"मग?" सुनीतीनं विचारलं. "वाजवली का त्यानं?"

"थांब, फोनवर आहे," शिरीष म्हणाला आणि खिशात हात घातला.

सुनीतीनं किल्ल्या टेबलावर ठेवल्या. "फोनवर आहे?"

"ईमेलनं आलेत ना अंक. लॅपटॉपवर पण आहेत."

बोलल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो ते. दोन आठवडे लढवलेला खटला त्यानं एका वाक्यात स्वतःच हरून दाखवला होता. सुनीती आता एक वाक्य बोलणार, ते पुढची दहा वर्षं घरात वापरलं जाणार, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. तो मान खाली घालून त्या वाक्याची वाट बघत बसला.

सुनीतीनं खुर्ची ओढली. "माझ्याकडे दहा मिनिटं आहेत," ती म्हणाली. "वाच."

ऋग्वेदा तोवर लॅपटॉप घेऊन आली होती. तिनं मेथीच्या काड्या हातानं बाजूला सारून तो मांडला, फाइल उघडली आणि विचारलं, "पान कितवं, बाबा?" शिरीषनं आकडा सांगितला. पाठ ताठ करायला लावणारा तोच लॅपटॉप होता, पण या वेळी कुणाच्या पाठीकडे बघायला त्याला सवड नव्हती. म्हाताऱ्यानं फुंक मारली. पहिला सूर फाटला. दुसरा फाटला. लोकांचं हसणं वाढलं. लेक वरातीच्या गाडीतून उतरून त्याच्याजवळ आली आणि तिनं स्वतःच्या हाताच्या तळव्यानं त्याचा वरचा ओठ घट्ट धरला, जिथे दात नव्हते तिथे. आणि मग सूर लागला.

एकच परिच्छेद उरला होता. शिरीषनं पहिले दोन शब्द वाचले आणि त्याचा आवाज बसला. त्यानं खाकरून बघितलं, पुन्हा सुरू केलं, पुन्हा बसला. अक्षरं दिसेनाशी झाली. सुनीतीनं त्याच्या मनगटावर हात ठेवला. त्याला वाटलं, आता हेही अर्धंच राहणार.

बेबीताई मेथी खाली ठेवून शांतपणे म्हणाल्या, "तुझ्या बाबांचाही बसायचा. लग्नानंतर ते मला रोज दुपारी वाचून दाखवायचे आणि शेवटाला आले की त्यांचा घसा जायचा. दर वेळी. मग मी पाणी द्यायची आणि सांगायची, सावकाश वाचा, मला घाई नाही." त्यांनी तांब्यातलं पाणी पेल्यात ओतून त्याच्यापुढे सरकवलं. "तूही पाणी पी. आणि सावकाश वाच."

शिरीष पाणी प्यायला. त्यानं चष्मा पुसला, पुन्हा लावला, आणि शेवटचा परिच्छेद शेवटच्या शब्दापर्यंत वाचला.